जुन्या कार्ट्रिजसाठी अस्सल सुई विकत घेताना

शूर या अमेरिकी कंपनीने २०१८ साली रेकॉर्ड प्लेयरची कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारे छोटे ठोकळे, आणि त्यांच्या सुया बनवणे थांबवले. असे असूनही आज इंटरनेटवर शोध घेतला, तर ‘ओरिजिनल शूर, नवी, सीलबंद’ म्हणून सुई हवी तितकी मिळते आणि काही विक्रेत्यांकडे तर ती कधी संपतच नाही. जुन्या कार्ट्रिजसाठी पहिल्यांदाच सुई घेऊ पाहणाऱ्याने ही विसंगती आधी मनात नोंदवून ठेवावी आणि मगच शोधाला लागावे.

माझी पहिली फसगत याच ठिकाणी झाली. शूरच्या एम-७५ मालिकेतील कार्ट्रिजसाठी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘ओरिजिनल’ सुई मागवली. डबी चकचकीत होती, नावाची अक्षरे ठसठशीत होती आणि किंमतही संशय यावा इतकी कमी नव्हती. पंधरवड्याने ती सराफी भिंगाखाली धरली, तेव्हा सुईची बारीक दांडी डावीकडे कललेली दिसली आणि टोकाभोवती गोंदाचा एवढा मोठा थेंब होता की टोकावरचा हिरा कुठे संपतो आणि गोंद कुठे सुरू होतो हेच कळेना. तोवर परतीची मुदत उलटून गेली होती. पुढे क्रमाने जे सांगितले आहे, ते बरेचसे त्या खरेदीनंतर स्वतःला लावून घेतलेल्या सवयींमधून आले आहे.

आधी नावे नीट समजून घ्यावीत

आपल्याकडे दुरुस्तीवाले सुईला अजूनही ‘पिन’ म्हणतात. हा शब्द चावीच्या ग्रामोफोनच्या काळातला आहे. त्या यंत्रात पोलादी पिन असे आणि रेकॉर्डची एक बाजू वाजून झाली की ती टाकून दुसरी लावायची असे. विजेवर चालणाऱ्या प्लेयरमधली सुई ही निराळी वस्तू आहे. टोनआर्मच्या, म्हणजे रेकॉर्डवर फिरणाऱ्या लांब दांड्याच्या, पुढच्या टोकाला जो लहानसा ठोकळा स्क्रूने बसवलेला असतो, ते कार्ट्रिज; आणि त्या ठोकळ्यात प्लास्टिकच्या पकडीसह जो भाग बसतो, ज्याच्या खालून केसासारखी बारीक दांडी बाहेर आलेली दिसते, तो भाग म्हणजे सुई. त्या दांडीला कँटिलिव्हर म्हणतात. दांडीच्या शेवटी हिऱ्याचा, किंवा स्वस्त सुईत नीलमण्याचा, सूक्ष्म कण बसवलेला असतो आणि रेकॉर्डच्या खाचेला स्पर्श करणारी एवढीच काय ती गोष्ट असते. दांडीचे दुसरे टोक रबराच्या छोट्या कडीत धरलेले असते. या रबराकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, पण जुन्या सुईचे बरेवाईट त्याच्यावरच ठरते.

पहिली पायरी : सुई खरोखरच झिजली आहे का?

अनेकदा नवी सुई मागवली जाते आणि दोष निघतो धुळीचा. सुईच्या टोकाला कापसासारखा धुळीचा गोळा अडकला, की आवाज फाटतो, घोगरा होतो, क्वचित सुई रेकॉर्डवरून घसरते. म्हणून आधी मऊ केसांच्या बारीक ब्रशने सुई साफ करावी. ब्रश नेहमी मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या बुडाकडून आपल्या दिशेने, फिरवावा. आडवा किंवा उलटा फिरवला तर दांडी वाकते आणि मग खरोखरच नवी सुई घ्यावी लागते.

साफ केल्यावर अशी एखादी एलपी लावावी, जी तुमच्या कानाला तोंडपाठ आहे, आणि तिच्या शेवटच्या गाण्याकडे लक्ष द्यावे. रेकॉर्डच्या मध्याजवळ खाचेचा वेग कमी होतो, तोच आवाज कमी लांबीत दाटीवाटीने कोरावा लागतो आणि झिजलेल्या सुईची फजिती तिथेच होते. मराठी भावगीत यासाठी फार उपयोगी, कारण आपल्या भाषेत ‘स’, ‘श’ आणि ‘च’ यांची रेलचेल आहे. पहिल्या गाण्यात स्वच्छ ऐकू येणारा ‘श’ जर शेवटच्या गाण्यात तव्यावर पाणी पडल्यासारखा चुरचुरत असेल, आणि हाच प्रकार तीन-चार निरनिराळ्या रेकॉर्डवर होत असेल, तर सुई बदलण्याची वेळ झाली आहे. एकाच रेकॉर्डवर होत असेल, तर दोष बहुधा त्या रेकॉर्डमध्ये आहे.

एका बाजूचा स्पीकर पूर्ण बंद असेल, तर सुईला दोष देण्याआधी कार्ट्रिजच्या मागच्या चार तारा पाहाव्यात. पांढरी आणि निळी तार डाव्या बाजूची, लाल आणि हिरवी उजव्या बाजूची. एखादी सैल झालेली असते. पांढरी-निळी आणि लाल-हिरवी या जोड्यांची अदलाबदल केल्यावर मुका स्पीकरही बदलला, तर दोष कार्ट्रिजकडे आहे आणि नवी सुई घेऊन तो बहुधा जाणार नाही. तारा हाताळताना अँप्लिफायर बंद ठेवावा.

दुसरी पायरी : कार्ट्रिज ओळखणे

सर्वांत जास्त पैसे याच पायरीवर वाया जातात. नवखा माणूस टर्नटेबलचे नाव आणि मॉडेल सांगून सुई मागतो. विक्रेताही यादी पाहून ‘या मॉडेलला ही चालते’ म्हणून सांगतो. परंतु पन्नास वर्षांच्या आयुष्यात त्या टर्नटेबलचे कार्ट्रिज एकदा तरी बदलले गेले असण्याची शक्यता मोठी असते. सुई ही कार्ट्रिजला बसते, टर्नटेबलला नव्हे. म्हणून आपल्या हातातल्या ठोकळ्यावर काय लिहिले आहे तेच वाचावे. वरच्या बाजूला, पुढे किंवा बाजूला कंपनीचे नाव आणि क्रमांक असतो, आणि कधी कधी तो हेडशेलमधून, म्हणजे टोनआर्मच्या ज्या टोकावर कार्ट्रिज बसते त्यातून, कार्ट्रिज सोडवल्याशिवाय दिसत नाही. सुईच्या पकडीवरही क्रमांक असू शकतो, पण ती सुई मागच्या मालकाने घातलेली असू शकते, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नये. क्रमांक रोमन अक्षरांत जसा आहे तसा, शेवटच्या अक्षरासकट, लिहून घ्यावा आणि चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत.

आपल्या भागात साधारण दोन प्रकार सापडतात. एचएमव्ही किंवा फिलिप्सचे जे जुने प्लेयर घरोघरी होते, त्यांत बहुधा सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असते. त्याच्या सुईला बऱ्याचदा एक छोटी कळ असते आणि ती फिरवली की एका बाजूचे टोक एलपीसाठी आणि दुसऱ्या बाजूचे ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या, तबकडीसाठी खाली येते. या सुया जड वजनाने, म्हणजे रेकॉर्डवर जास्त दाब देऊन, चालतात आणि त्यांत नीलमण्याचे टोक सर्रास असते. त्यांच्या बाबतीत अस्सल-नकलीचा फारसा प्रश्न नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास एखादा जुना दुरुस्तीवाला गाठावा, कार्ट्रिजच सोबत न्यावे आणि सुई समोर बसवून घ्यावी. मिळत असेल तर हिऱ्याच्या टोकाची मागावी, एवढेच.

दुसरा प्रकार मॅग्नेटिक कार्ट्रिजचा. आखातातून किंवा सिंगापूरहून येताना कुणी तरी आणलेला टेक्निक्स, सोनी, अकाई, पायोनियर असा जपानी टर्नटेबल असेल, किंवा गॅरार्ड, डुअल, थोरेन्स, लेन्को असा युरोपातला, तर त्यावर बहुधा हेच असते. यातल्या मूव्हिंग मॅग्नेट जातीची सुई चिमटीत धरून काढता आणि घालता येते. मूव्हिंग कॉइल जातीची, उदाहरणार्थ डेनॉनच्या १९६४ पासून चालत आलेल्या डीएल-१०३ची, सुई घरी बदलता येत नाही. तिथे कार्ट्रिज बदलून घ्यावे लागते किंवा कारागिराकडून नवे टोक बसवून घ्यावे लागते. आणखी एक निराळी जात टेक्निक्समुळे रूढ झाली. तिच्यात कार्ट्रिज टोनआर्मच्या टोकात थेट खुपसले जाते आणि एका आडव्या स्क्रूने पक्के होते. तिला पी-माउंट म्हणतात आणि तिच्या सुईचे रेकॉर्डवर पडणारे वजन साधारण सव्वा ग्रॅमवर ठरलेलेच असते. हिची आणि अर्ध्या इंचाच्या अंतरावर दोन स्क्रू असणाऱ्या साध्या कार्ट्रिजची गल्लत झाली, तर आलेले कार्ट्रिज बसणारच नाही.

तिसरी पायरी : नेमका कोणता क्रमांक?

शूरच्या पद्धतीत कार्ट्रिजच्या क्रमांकाआधी ‘एम’ आणि सुईच्या क्रमांकाआधी ‘एन’ असते. एम-४४-७ या कार्ट्रिजची सुई एन-४४-७, एम-९७एक्सईची एन-९७एक्सई. १९७३ सालच्या नावाजलेल्या व्ही-१५ टाइप ३ची सुई मात्र व्हीएन-३५ई. इतर कंपन्यांची आद्याक्षरे निराळी : टेक्निक्सची ईपीएस, सोनीची एनडी, पायोनियरची पीएन, ऑडिओ-टेक्निकाची एटीएन.

क्रमांक जुळला म्हणजे काम संपले असे नाही, कारण एकाच कार्ट्रिजमध्ये वेगवेगळ्या दर्जाच्या सुया बसतात. एम-७५च्या ठोकळ्यात एन-७५-६ बसते आणि एन-७५ईडीही बसते. पहिलीचे टोक गोल आहे आणि तिला दीड ते तीन ग्रॅम वजन लागते. दुसरीचे टोक लंबवर्तुळाकार आहे, तिची दांडी हलकी व रबर मऊ आहे आणि तिला पाऊण ते दीड ग्रॅम पुरते. दुसरी सुई अधिक बारकावे ऐकवते यात शंका नाही. तरीही तुमच्या टर्नटेबलचा टोनआर्म जुन्या घडणीचा आणि जड असेल, तर त्या मऊ रबरावर तो डोलू लागतो आणि महागडी सुई स्वस्त सुईपेक्षा वाईट वाजते. अशा यंत्रावर गोल टोकाची, दीड-दोन ग्रॅमवर चालणारी सुई घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘वरच्या दर्जाची’ हा शब्द ऐकून मीही एकदा वाहवलो आहे.

टोकाच्या आकाराचा संबंध आयुष्याशीही आहे. ऑडिओ-टेक्निका आपल्या सुयांसाठी जे अंदाज देते, त्यानुसार गोल टोक सुमारे ५०० तास, लंबवर्तुळाकार ३००, शिबाटा नावाच्या बारीक घडणीचे ८०० आणि मायक्रोलिनियर नावाच्या त्याहून बारीक घडणीचे १००० तास टिकते. ३०० तास म्हणजे रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी ऐकणाऱ्यासाठी साधारण सव्वा वर्ष. इतर कंपन्यांचे आकडे यापेक्षा बरेच कमी किंवा जास्त दिसतील. ‘झिजली’ कशाला म्हणायचे याचा प्रत्येकाचा निकष निराळा असल्यामुळे ते आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नये.

७८च्या तबकड्यांबद्दल इथेच सांगणे योग्य होईल, कारण नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या ऐकण्यासाठीच अनेक मराठी घरांत हा खटाटोप सुरू होतो. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) असते, तर ७८च्या तबकडीला ६५ ते ७५ मायक्रॉनचे टोक लागते. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि गाण्याऐवजी तळातला कचरा वाजवते. ७८ची सुई एलपीवर ठेवली, तर एलपी खराब होते. शूरने यासाठी एन-४४-३, एन-७५-३ आणि व्ही-१५ टाइप ३करिता व्हीएन-७८ई अशा सुया काढल्या होत्या. आज नव्याने घ्यायचे झाल्यास ऑडिओ-टेक्निकाचे व्हीएम-९५एसपी किंवा ऑर्टोफोनचे टू-एम ७८ पाहावे. अर्थात टर्नटेबलला ७८चा वेग आहे ना, हे सर्वांत आधी.

चौथी पायरी : ‘अस्सल’ म्हणजे काय, ते ठरवणे

बाजारात ज्या सुया मिळतात, त्यांचे मी चार गट करतो आणि माझ्या मते यांतल्या फक्त चौथ्या गटापासून लांब राहायचे असते.

पहिला गट त्या कंपन्यांचा, ज्या आजही स्वतःच्या सुया बनवतात. ऑडिओ-टेक्निका, ऑर्टोफोन, नागाओका ही त्यातली ठळक नावे. ऑर्टोफोनच्या टू-एम मालिकेत रेडच्या ठोकळ्यात ब्लूची सुई बसते आणि ब्राँझच्या ठोकळ्यात ब्लॅकची. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम-९५ मालिकेतल्या सगळ्या सुया एकमेकींच्या जागी चालतात. तुमचे कार्ट्रिज यांपैकी असेल, तर अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह सुई घ्यावी आणि विषय संपवावा. अपवाद एटी-३६००चा : कमी किमतीच्या टर्नटेबलांवर हे कार्ट्रिज जगभर लागलेले असल्यामुळे त्याच्या सुईच्या नकला भरमसाट आहेत.

दुसरा गट जुन्या शिल्लक मालाचा. कंपनीने तेव्हा बनवलेली, कुणाच्या तरी कपाटात न वापरता राहिलेली सुई. भावनेने पाहिले तर हीच खरी अस्सल, आणि तिची किंमतही तशीच लावली जाते. पण मघाशी ज्या रबराचा उल्लेख केला, ते रबर डबीचे सील फोडले नाही म्हणून म्हातारे व्हायचे थांबत नाही. ते कडक होते किंवा मऊ पडून बसते. कडक झाले, तर सुई नेमून दिलेल्या वजनावर उड्या मारते. बसले, तर कार्ट्रिजचे पोट रेकॉर्डला टेकते. दोन्ही वेळी हिरा मात्र कोरा करकरीत असतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची सीलबंद सुई मी परतीची हमी असल्याशिवाय घेत नाही. शूरची त्यातल्या त्यात अलीकडची, म्हणजे उत्पादन थांबण्याच्या आधीच्या काही वर्षांतली मेक्सिकोत बनलेली सुई मिळाली, तर गोष्ट वेगळी.

तिसरा गट प्रामाणिक पर्यायी सुयांचा, आणि जुन्या शूरवाल्यांसाठी बहुतेक वेळा हाच शहाणपणाचा मार्ग आहे. जपानच्या ह्योगो प्रांतातील जिको ही कंपनी शूरच्या एम-४४, एम-७५, व्ही-१५ अशा अनेक कार्ट्रिजसाठी आजही नव्या सुया बनवते. पकडीवर आणि डबीवर तिचे स्वतःचे नाव असते. ती शूर असल्याचे सोंग घेत नाही. साध्या गोल टोकापासून एसएएस नावाच्या फार बारीक घडणीच्या टोकापर्यंत तिच्याकडे दर्जे आहेत आणि काही सुयांत दांडी बोरॉनची मिळते. मूळ सुईपेक्षा आवाज किंचित निराळा असतो, हे मान्य करून घ्यावे. रबर मात्र ताजे असते.

चौथा गट नकलींचा, म्हणजे दुसऱ्याने बनवून शूरच्या किंवा ऑडिओ-टेक्निकाच्या नावाने विकलेल्या सुयांचा. पर्यायी आणि नकली यांतला फरक केवळ दर्जाचा नसतो. स्वस्त पर्यायी सुईसुद्धा कामचलाऊ वाजू शकते. पण जिने आपले नावच खोटे सांगितले, तिच्या टोकाच्या आकाराबद्दल आणि हिऱ्याबद्दल डबीवर जे छापले आहे, त्यावर विश्वास ठेवायला काही आधार उरत नाही.

पाचवी पायरी : जाहिरात वाचणे आणि विक्रेत्याला विचारणे

जाहिरातीतली लहान अक्षरे वाचावीत. ‘शूर एन-७५’ आणि ‘शूर एन-७५साठी’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि ‘साठी’ या अर्थाचा शब्द बऱ्याचदा शीर्षकात नसून खाली वर्णनात दडलेला असतो. असा शब्द स्पष्ट लिहिणारा विक्रेता वाईट नव्हे. शीर्षकात एक आणि वर्णनात दुसरे लिहिणारा मात्र सोडून द्यावा.

मग साठा पाहावा. ज्या सुईचे उत्पादन २०१८ला थांबले, तिचा खरा साठा एखाद्या बंद पडलेल्या दुकानातून किंवा जुन्या शौकिनाच्या संग्रहातून आलेला असतो. असा विक्रेता ‘दोन आहेत’, ‘एकच उरली’ असे सांगतो आणि प्रत्येक डबीच्या कोपऱ्यांवर थोडीफार काळाची झीज असते. ‘दहापेक्षा अधिक उपलब्ध’ असे महिनोन् महिने लिहिलेले दिसले, तर ती सुई आजही कुठल्या तरी कारखान्यात बनते आहे हे उघड आहे, आणि तो कारखाना शूरचा नाही.

तिसरी गोष्ट फोटो. तोच गुळगुळीत फोटो पाच विक्रेत्यांकडे दिसत असेल, तर प्रत्यक्ष वस्तूचे फोटो मागवावेत. मी साधारण असा निरोप पाठवतो : ‘आपण जी सुई पाठवणार आहात, तिचेच तीन फोटो कृपया पाठवावेत : पकडीवरची अक्षरे समोरून, दांडी बाजूने, आणि डबीची मागची बाजू. वजनाचा नेमका पल्ला आणि टोकाचा आकार कळवावा. सुई सदोष निघाल्यास परत घ्याल का, हेही कळवावे.’ ज्याच्याकडे वस्तू खरी असते, तो एक-दोन दिवसांत फोटो पाठवतो. बाकीचे ‘शंभर टक्के ओरिजिनल सर’ असे उत्तर देतात किंवा देतच नाहीत, आणि त्या मौनातूनही पुरेसे कळते.

फोटो आले, की आपल्या जुन्या सुईशी ताडून पाहावेत. अक्षरांची जाडी, त्यांचा रंग, पकडीच्या कडा, साच्यातून निघालेल्या प्लास्टिकचे बारीक पापुद्रे कुठे राहिले आहेत का, हे सगळे शेजारी शेजारी ठेवले की दिसते. म्हणूनच जुनी सुई टाकून देऊ नये.

परदेशातून मागवताना वस्तूची किंमत आणि टपालखर्च यांची बेरीज करून त्यावर सीमाशुल्क लागते आणि कुरिअर कंपनी आपला आकार वेगळा लावते, हे हिशेबात धरावे. परदेशात राहणारे नातेवाईक सुट्टीत येणार असतील, तर सुईची डबी त्यांच्या हातसामानात सहज मावते. मी स्वतः दोनदा असे केले आहे. मात्र अशा वेळी परतीची सोय राहत नाही.

सहावी पायरी : डबी उघडल्यावर

सुई आली, की लगेच प्लेयरला लावू नये. सकाळच्या उजेडात खिडकीपाशी बसावे, खाली पांढरा कागद अंथरावा आणि सराफ वापरतात ते दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. डबी उघडण्यापासूनचे चित्रण मोबाइलवर करून ठेवले, तर परतीच्या वेळी वाद होत नाही.

पकड दोन बोटांत धरून सुई समोरून पाहावी. दांडी पकडीच्या बरोबर मधून निघालेली असावी; ती एका बाजूला झुकली असेल, तर डावा आणि उजवा आवाज असमान येतो. मग दांडीच्या शेवटी असलेले टोक पाहावे. ते काटकोनात खाली उतरलेले, एखाद्या सरळ रोवलेल्या खुंटीसारखे दिसले पाहिजे. चांगल्या सुईत गोंद असतो, पण तो बुडाशी पातळ लावलेला असतो; माझ्या त्या पहिल्या सुईत तो पुरणात बुडालेल्या लवंगेसारखा दिसत होता. बाजूने पाहताना दांडीला कुठे बाक नाही ना, हे तपासावे. दहापट भिंगातून टोक गोल आहे की लंबवर्तुळाकार, हे मात्र ठरवता येत नाही. त्याला बराच शक्तिशाली सूक्ष्मदर्शक लागतो, म्हणून त्या बाबतीत डोळ्यांवर भरवसा ठेवू नये.

शेवटी मागची बाजू. शूरच्या सुईला मागे धातूची चौकोनी नळी असते आणि ती कार्ट्रिजमधल्या चौकोनी भोकात जाते. ती सरळ, स्वच्छ आणि कडांना न दुमडलेली असावी. बसवताना बेताचा दाब लागून ती शेवटपर्यंत जायला हवी. ढिली बसली आणि बोटाने हलू लागली, किंवा जोर लावल्याशिवाय जाईचना, तर थांबावे. जोर करून कार्ट्रिज फुटले, तर सुई परत करून ते मिळणार नाही.

सातवी पायरी : बसवणे आणि ऐकणे

शूरची सुई सरळ पुढे ओढली की निघते आणि तशीच मागे ढकलली की बसते. इतर काही कार्ट्रिजमध्ये ती खाली झुकवून काढावी लागते, तेव्हा आधी चित्र पाहून घ्यावे. बोटे फक्त प्लास्टिकच्या पकडीवर असावीत. टर्नटेबल आणि अँप्लिफायर बंद असावेत, आणि टोनआर्म त्याच्या टेकणीवर अडकवलेला असावा.

त्यानंतर वजन लावावे. मागच्या सुईसाठी लावलेले वजन नव्या सुईला चालेलच असे नाही. वर दिलेले एन-७५-६ आणि एन-७५ईडी यांचे आकडे पुन्हा पाहिले, तर हे लक्षात येईल. टोनआर्मवरच्या आकड्यांपेक्षा सुईखाली ठेवायचा छोटा डिजिटल काटा अधिक भरवशाचा, आणि तो स्वस्तही आहे. दिलेल्या पल्ल्याच्या वरच्या निम्म्या भागात वजन ठेवावे. कमी वजनाने रेकॉर्ड वाचते असे पुष्कळांना वाटते, पण हलकी सुई खाचेत न बसता भिंतींवर आपटते आणि नुकसान जास्त करते. शूरच्या एम-९७एक्सईसारख्या कार्ट्रिजला पुढे छोटा ब्रश असतो. तो खाली ठेवून वाजवायचे असेल, तर अर्धा ग्रॅम वजन वाढवावे लागते. अँटी-स्केटिंग, म्हणजे टोनआर्म रेकॉर्डच्या मध्याकडे ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण, वजनाइतकेच ठेवून सुरुवात करावी.

मग तीच ओळखीची एलपी, तेच शेवटचे गाणे. पहिले काही तास आवाज थोडा कोरडा वाटू शकतो, कारण नवे रबर मोकळे व्हायला वेळ घेते. ‘श’ मात्र पहिल्याच दिवशी स्वच्छ यायला हवा. तो येत नसेल, तर वजन पाव ग्रॅमने वाढवून, पण पल्ल्याच्या आतच राहून, पुन्हा ऐकावे; तरीही आला नाही, तर त्याच संध्याकाळी विक्रेत्याला कळवावे. परतीची मुदत डबी हातात पडल्यापासून मोजतात, तुम्हाला ऐकायला सवड मिळाल्यापासून नव्हे.

सगळे ठीक असेल, तर सुई बसवल्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती टर्नटेबलच्या तळाला चिकटवावी. जुनी सुई तिच्या पकडीसकट नव्या सुईच्या डबीत ठेवून द्यावी, कारण पुढे त्या क्रमांकाची सुई कुठेच मिळेनाशी झाली, तर टोक बदलून देणाऱ्या कारागिराला तीच मूळ पकड आणि तीच चौकोनी नळी लागते.